दोन ठिपक्यांच्या मधली जागा

"आकाशातून पाहिले की ना जात दिसते, ना वेस, दिसतो तो फक्त हिरव्या गालिच्यावर विणलेला आपला एकसंध देश."

हे वाक्य ज्या माणसानं लिहिलं तो नांदेडपासून दिल्लीपर्यंत तोंड उघडं टाकून झोपला होता. मी शेजारीच होतो. खिडकीची झडप त्यानं विमान हलायच्या आधीच खाली ओढली होती, आणि ती खिडकी माझी होती.

हे मी रागानं सांगत नाही. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. या माणसाबद्दल मला जे वाटतं त्याला आमच्याकडं शब्द आहे, पण तो छापत नाहीत.

मी हिमायतनगर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आहे. मूळ गाव जळकोटच्या अंगाला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. आजोबांनी छप्पनच्या धर्मांतरानंतर घरातले देव उचलून ओढ्यात सोडले आणि मुलांना शाळेत घातलं, पण वडिलांची शाळा चौथीतच सुटली. ते बांधकाम खात्यात रस्त्यावर मजूर होते. खडी पसरायची, डांबर टाकायचं, साईडपट्टी भरायची. मी उदगीरला बी.ए. झालो, मग डी.एड., आणि नोकरी करत भूगोलात एम.ए. पहिल्या वर्गात. मोठेपणा म्हणूनच सांगतोय. ज्यांच्या घरात चार पिढ्या पदव्या भिंतीला टांगलेल्या आहेत त्यांनी नम्र व्हावं, त्यांना परवडतं.

तर मुलांसाठी पूरक वाचनाची पुस्तकं काढणारी एक संस्था आहे. तिला पाचवीसाठी प्रवासावरचं एक पुस्तक काढायचं होतं, आणि त्यात विमानातून दिसणाऱ्या देशाचा एक धडा हवा होता. लेखक दोघं नेमले. एक साहेब, पुण्याचे, शिक्षण खात्यातून निवृत्त. 'ज्येष्ठ शिक्षणतज्ज्ञ' म्हटल्याशिवाय त्यांना कुणी चहासुद्धा देत नाही. दुसरा मी. यादीत माझ्या नावापुढं कंसात 'ग्रामीण' असं लिहिलं होतं, जसं औषधाच्या बाटलीवर 'बाहेरून लावण्यासाठी' लिहितात. दिल्लीला तीन दिवसांची कार्यशाळा होती. साहेब त्या आठवड्यात नांदेडला कुठल्याशा सत्काराला आलेलेच होते, म्हणून दोघांची तिकिटं नांदेडहून काढली. जाता-येता खाली जे दिसेल त्याचा धडा करायचा आणि खाली दोघांची नावं छापायची, असं ठरलं.

वडिलांना फोन केला.

"इमानात बसणार?"

"हाव."

"अन् पुस्तकात नाव येणार मनतोस?"

"येणार."

"इमानाचं ऱ्हाऊ दे. नाव कसं येतंय ते सांग. पूर्ण, का नुसतं आडनाव?"

"पूर्ण. मधी तुमचं."

वडील म्हणाले, "मग नीट लिव. घाई करू नको." आणि त्या दिवसापासून त्यांनी बौद्धवाड्यात, विहारात, जळकोटच्या बाजारात, एसटीत शेजारी बसलेल्या माणसालाही सांगायला सुरुवात केली की लेकराच्या पुस्तकात माझं नाव छापून येऊन राहिलंय. लेकराचं नाव त्यांनी कितपत सांगितलं कोण जाणे.

मी शाळेत तयारी केली. वर्गातल्या नकाशावर नांदेडपासून दिल्लीपर्यंत दोरा ताणून धरला. दोरा सरळ उभा राहिला. दोन्ही शहरं जवळपास एकाच रेखावृत्तावर आहेत. दोऱ्याखाली काय काय येतं ते पोरांनी वाचलं: पैनगंगा, इसापूरचं धरण, वाशिम, मेळघाट, नर्मदा, भोपाळ, चंबळ, यमुना. मग त्यांचे प्रश्न मी वहीत उतरवून घेतले. माणसं दिसतेत का? ढग हाताला लागतेत का? आपलं गाव वरून वळखू येतंय का? शेवटचा प्रश्न चौघा-पाच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला होता. मी म्हटलं, बघून येतो आणि धड्यात लिहितो.

मार्चचा पहिला आठवडा होता. विमानात शिरलो. माझ्या तिकिटावर खिडकी होती, साहेबांच्या तिकिटावर तिच्या शेजारची. मी ओळीपाशी आधी पोचलो होतो. साहेब मागून आले, पिशवी वर टाकली आणि नुसते उभे राहिले. त्यांना बोलायची गरजच नव्हती.

माझ्या तोंडून आलं, "बसा साहेब, खिडकीला बसा."

हे आमच्यात कुणी शिकवत नाही. वडील रस्त्यावर काम करताना ओव्हरसियरची जीप दिसली की फावडं टाकून उभे राहायचे. मी लहानपणी एसटीत जागा धरायचो ती कुणा ना कुणासाठी, स्वतःसाठी कधी धरली नाही. शिकलो, पगार सुरू झाला, बूट घातले, आणि तरी साहेब नुसता उभा राहिला की आमचे गुडघे आपोआप सरळ होतात. पहिल्या वर्गात एम.ए. झालेला माणूस! त्या क्षणी मला साहेबांपेक्षा माझी जास्त किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही.

साहेब "अरे, थँक्यू" म्हणाले, बसले, ऊन लागतंय म्हणून झडप ओढली, आणि मानेखाली ती फुगवायची उशी घालून झोपले. पैनगंगा गेली, मेळघाट गेला, नर्मदा गेली. मला समोरच्या खुर्चीच्या पाठीवरची सूचना आणि साहेबांच्या नाकातले केस दिसत होते. पलीकडच्या खिडकीतून उजेडाचा एक तुकडा दिसायचा, त्यात निळं काहीतरी. मी घड्याळ बघून वहीत लिहीत गेलो: आता बहुतेक नर्मदा. आता बहुतेक भोपाळ. आंधळ्यानं चष्मा लावून बसावं तसा मी बसलो होतो.

दिल्लीजवळ विमान खाली येताना हिसका बसला तेव्हा साहेब उठले. झडप वर केली, मोबाईल काढला, पंखाचा आणि खालच्या धुरकट घरांचा फोटो काढला आणि चाकं टेकताच पुस्तकाच्या समितीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आकाशातून आपला देश! शब्द अपुरे पडतात.' आठ जणांनी हात जोडले. शब्द अपुरे पडणारच.

कार्यशाळेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मुलांनी प्रत्यक्ष अनुभवातून कसं शिकावं हे आम्हाला तीन दिवस पडदे लावलेल्या खोलीत भिंतीवर चित्रं पाडून शिकवलं. जेवण बरं होतं.

परतीच्या दिवशी मला पुन्हा खिडकीच मिळाली, डाव्या हाताची. साहेब ओळीपाशी येऊन परत तसेच उभे राहिले. मी आत सरकलो, खिडकीशी बसलो आणि पट्टा लावला.

"गुरुजी, मागच्या वेळी मी इकडं बसलो होतो, नाही का?"

"हो. ती पण माझीच होती."

"तसं नाही हो, मला जरा डोकं टेकायला..."

"झोप कुठल्याही जागेवर येते, साहेब."

ते हसले. अशी माणसं हसतात, कारण आपल्याला कुणी टोचलं हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळतं. मी झडप पूर्ण वर केली. दुपारची वेळ होती, ऊन मावळतीकडून, म्हणजे विमानाच्या पलीकडच्या अंगानं येत होतं. माझ्या बाजूची जमीन स्वच्छ दिसत होती.

आता मी काय बघितलं ते सांगतो. चंबळ ओलांडताना जमीन वाळवी लागलेल्या दारासारखी दिसते. पापुद्रे सुटलेत, आत भुसा झालाय, आणि अशा कोरलेल्या जमिनीच्या अगदी काठापर्यंत कुणीतरी गहू पेरलाय. पुढं माळव्यात शेतं सरळ आणि मोठी, पिकलेल्या गव्हाची, आणि मधे मधे कुणीतरी काड जाळलेलं, त्याचे काळे चौकोन. नर्मदेला पाणी होतं. तिच्या दक्षिणेला सातपुडा सुरू झाला तेव्हा मला जरा हसू आलं, कारण माझ्या पुस्तकात तो सुरवंटासारखा काढलेला असतो आणि मी दरवर्षी फळ्यावर सुरवंटच काढतो. खरा सातपुडा बैलानं तुडवलेल्या चिखलासारखा आहे. वाळलेला, ज्याच्या त्याच्या खुराचा खड्डा वेगळा. मेळघाटात पानगळ झालेली. जंगल हिरवं नव्हतं, तपकिरी होतं, कुत्र्याच्या पाठीसारखं.

आणि मग आपला मुलूख. विमान उतरायला लागलं होतं. वाशिमच्या पुढं काळी जमीन सुरू झाली. सोयाबीन निघून चार-पाच महिने झालेले, तूर तोडलेली, हरभऱ्याची रानं मोकळी, नांगरट चालू. हिरवं म्हणावं तर उसाचे आणि हळदीच्या रिकाम्या वाफ्यांशेजारी केळीचे तुकडे, जिथं पाणी पोचलं तिथं. गालिचा! गालिचा पाहिलेला माणूस गालिच्याचं नाव घेतो आणि जमीन पाहिलेला माणूस जमिनीचं. साहेबांनी विमानातून काहीच पाहिलं नव्हतं, म्हणून त्यांनी घरातली वस्तू सांगितली.

पण मी बघत होतो गावं.

उत्तरेतल्या गावांचं मी काही बोलत नाही. ती मला वाचता येत नाहीत आणि न येणारं वाचल्याचा आव आणणं हा माझा धंदा नाही. पण वाशिम, हिंगोली, नांदेड इकडची गावं मला डोळे मिटून येतात. पाण्याची टाकी, शाळेचं लाल कौल किंवा निळा पत्रा, मधे देवळाचं शिखर, भोवती दाट घरं. हा एक ठिपका. आणि त्याच्यापासून थोडं सुटून दुसरा, लहान ठिपका. मधे मोकळी जागा.

एकदा दिसलं की मग दुसरं काही दिसेना. पुढच्या गावात तेच. त्याच्या पुढच्या गावात तेच. कुणी म्हणेल, तो तांडा असेल, नवी घरकुलं असतील. मी भूगोलाचा माणूस आहे. तांडा लांब असतो, माळाच्या नाहीतर डोंगराच्या कडेला. मळ्यातलं घर एकटं असतं. घरकुलं सरळ रांगेत असतात, शिस्तीत उभ्या केलेल्या पोरांसारखी. हा दुसरा ठिपका गावाला चिकटत नाही आणि गावापासून सुटतही नाही. मधली जागा हाक मारली तर ऐकू जाईल एवढी असते, सावली मात्र पोचणार नाही एवढी. ती कुणी नकाशात आखलेली नाही, तलाठ्याच्या कागदावर तिचं नाव नाही, पण शेकडो गावांत ती बरोबर तेवढीच आहे. मी तिच्यात वाढलो. शाळेला जाताना रोज ती ओलांडायचो, आणि मला वाटायचं की ती आमच्या गावातली, आमच्यापुरती आहे. वरून दिसलं की तिचा तर सगळीकडं एकच साचा आहे.

मी वहीत एकेक गाव काढत गेलो. मोठं वर्तुळ, लहान वर्तुळ.

साहेबांना जाग आली. "काय काढताय?"

"गावं."

त्यांनी माझ्या खांद्यावरून खाली एक नजर टाकली. "सगळी सारखीच दिसतात की हो."

"हो. तेच काढतोय."

"छान," म्हणाले, आणि विमानात मिळालेल्या शेंगदाण्याच्या पुडीला दातांनी फाडू लागले.

आठ दिवसांत साहेबांनी धडा पाठवला. संपूर्ण. खाली दोघांची नावं. हिरवा गालिचा होता, चांदीच्या धाग्यासारख्या नद्या होत्या, मार्चमध्ये धरणाखाली पैनगंगेत डबकी उरतात हे त्या धाग्याला कुणी सांगितलं नव्हतं. ढग कापसाचे होते. आणि शेवटी ते वाक्य, ना जात दिसते ना वेस. सोबत एक ओळ: 'गुरुजी, आपण दोघांनी अनुभवलेलं शब्दांत उतरवण्याचा अल्प प्रयत्न. काही काना-मात्रा चुकली असल्यास पाहा.'

काना-मात्रा सगळ्या जागेवर होत्या. मी तो बाजूला ठेवला आणि माझा धडा लिहून संस्थेला पाठवला. चंबळ लिहिली, सातपुडा लिहिला, काळी नांगरट लिहिली, ऊस कुठं आहे आणि कुठं नाही ते लिहिलं. आणि शेवटी लिहिलं: 'आमच्या भागातलं गाव वरून एक ठिपका दिसत नाही, दोन दिसतात. एक मोठा, एक लहान, आणि मधे मोकळी जागा.' खाली स्वाध्यायात एकच प्रश्न दिला: 'तुमच्या गावात ही जागा आहे का? ती किती पावलांची आहे, मोजून या.'

चार दिवसांनी संस्थेच्या संपादक बाईंचा फोन आला. बाई गोड बोलणाऱ्या होत्या.

"सर, खूप प्रामाणिक लिहिलंय तुम्ही. फक्त शेवट जरा... पाचवीची मुलं आहेत, त्यांना हे कशाला?"

"बाई, पाचवीची मुलं त्या जागेतून रोज शाळेला येतात."

"हो, पण मोजून या म्हणजे... पालक विचारतील ना."

"विचारू द्या. पोरं पावलं सांगतील."

मग साहेबांचा फोन आला. ते समजुतीनं घेत होते. समजुतीनं घेणाऱ्या माणसाइतकी चीड मला दुसऱ्या कुणाची येत नाही. तो आधीच ठरवून आलेला असतो की आपल्याला समज कमी आहे.

"गुरुजी, तुमची भावना मला शंभर टक्के मान्य आहे. पण धडा प्रवासाचा आहे. आपण असं करू. दोन ठिपके राहू द्या. मोकळी जागा पण राहू द्या. फक्त तिथं मुलं खेळतायत असं लिहू. म्हणजे ते मैदान होईल. छान सकारात्मक होतं."

मी विचारलं, "तुम्हाला दिसली का मुलं खेळताना?"

"अहो, एवढ्या उंचीवरून मुलं कशी दिसतील?"

"मग?"

"कल्पना हो. साहित्यात थोडी कल्पना लागते."

त्यांनी त्या जागेत झोपाळा कसा टांगला नाही याचंच आश्चर्य. मी म्हटलं, "साहेब, तुमचा धडा छापा. माझं नाव काढा."

"असं तोडू नका हो. नाव राहू द्या, तुमचाही सहभाग होताच."

"माझा सहभाग एवढाच की मी तुम्हाला जागा दिली. त्याला नाव लागत नाही."

फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं. दोन दिवस बरं वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी वडील आठवले.

पुस्तक एप्रिलच्या शेवटी आलं. मे महिन्यात मी गावी गेलो. वडील दारातल्या पत्र्याच्या सावलीत बाजेवर बसलेले. मी पिशवी खाली ठेवायच्या आत त्यांनी हात पुढं केला.

"आण."

मी पुस्तक दिलं. त्यांना सही येते, आमच्या आडनावाची अक्षरं येतात, त्याच्यापुढं बोट लावून लावून वाचतात. धड्याच्या पानावर त्यांचं बोट साहेबांच्या नावावरून गेलं, परत आलं, परत गेलं. पान उलटून पाठीमागं बघितलं.

"न्हाई दिसत."

"न्हाईच हाय. मी काढायला लावलं."

"चुकलं व्हतं का काही?"

"न्हाई."

"मग?"

मी सांगितलं. साहेब, खिडकी, गालिचा, मैदान. मला वाटलं होतं, ते हसतील. ते हसले नाहीत. पुस्तक मिटून बाजेवर उपडं ठेवलं.

"तुझं नाव तू काढ न्हाईतर ठेव. माझं कामून काढलास?"

मी उपडं पुस्तक उलटून सरळ ठेवलं. साहेबांना मी तीन उत्तरं एका दमात दिली असती.

"समद्याला सांगून बसलोय मी. आता काय सांगू? माझं पोरगं लई शिकलेलं हाय, मनून त्यानं बापाचं नाव पुसलं?"

आई आतून म्हणाली, "आल्या आल्या सुरू झालात का? पानी तरी पिऊ द्या त्याला."

"पिऊ दे की. मी कुठं धरून ठेवलंय."

मी पाणी प्यायलो. ते ओढ्याच्या दिशेला बघत बसले. मग म्हणाले, "काय लिवलं व्हतंस आसं, की त्याहीला छापू वाटंना?"

वही पिशवीत होती. मी माझा धडा सुरुवातीपासून वाचून दाखवला. सातपुड्याला म्हणाले, "चिखलाचं चांगलं हाय." मग मी दोन ठिपक्यांचं वाचलं, आणि स्वाध्याय.

"थांब," म्हणाले. "कोन्या अंगाला?"

"काय?"

"ल्हान ठिपका मोठ्याच्या कोन्या अंगाला व्हता? ते लिवलंच न्हाई तू."

"असंल कुठंही. काही गावाला इकडं, काही गावाला तिकडं."

"तू कोन्या बाजूच्या खिडकीला बसला व्हतास?"

मी हिशेब केला. विमान दक्षिणेला येत होतं, मी डाव्या हाताला. "उगवतीच्या."

"मग ल्हान ठिपका तुला पलीकडं दिसला आसंल. आधी गाव, अन् त्याच्यापल्याड वस्ती. बघ वहीत."

मी चित्रं उघडली. मोठं वर्तुळ अलीकडं, लहान पलीकडं. पुढचं पान, तेच. त्याच्या पुढचं, तेच. दोन-तीन गावं सोडली तर सगळ्या पानांवर लहान वर्तुळ एकाच बाजूला होतं. माझ्या हातानं काढलेली चित्रं होती. मी ती बाईंना पाठवली होती, शाळेत पोरांना दाखवली होती, आणि स्वतःवर खूश होऊन कितीदा तरी उलटून बघितली होती.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"सडकेवर जलम गेला माझा. जळकोट, मुखेड, कंधार, किती गावाच्या वेशीपाशी खडी टाकली मी. वस्ती उगवतीलाच आसती. वारं कुठून येतंय आपल्याकडं?"

"मावळतीकडून."

"अन् वढ्याचं पानी?"

"तिकडूनच. खाली उगवतीला जातं."

"मग. वारं आधी गावाला, मग आपल्याला. पानी आधी गावाला, मग आपल्याला. आपल्याकडचं कायबी तिकडं जाऊ नाय. लई डोकं लावून बसवलंय ते." त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "तू मोकळी जागा मोजा मनतोस. जागा काय, कुठंबी आसती. कोन्या अंगाला हाय ते इचार पोराहीला. अन् कामून हाय ते इचार."

विमानात बसलेला मी, भूगोलाचा एम.ए. मी. आणि वाऱ्याची दिशा मला चौथी सुटलेल्या मजुरानं सांगावी. साहेबांबद्दलचा माझा तिरस्कार यानं तिळभर कमी झालेला नाही, तो त्यांनी कमावलेला आहे आणि त्यांच्याकडंच राहील. पण त्या दुपारी त्यातला थोडा मला स्वतःसाठी ठेवावा लागला.

"लिव की," वडील म्हणाले. "का शाई संपली?"

मी बाजेच्या कडेला बसून लिहिलं. लहान ठिपका उगवतीला असतो. वारा मावळतीकडून येतो. स्वाध्यायात दुसरा प्रश्न घातला. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं आणि एके ठिकाणी 'पूर्व' लिहिलं होतं ते खोडून 'उगवत' करायला सांगितलं.

"आता हे कोन छापंल?"

"कुणी न्हाई, बहुतेक. शाळेतल्या पोरांना मी फळ्यावर लिहून देईन."

त्यांनी शेवटच्या ओळीखालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"मग फळ्यावर खाली नाव लिवतेत का?"

"लिहिता येतं."

"पूर्ण लिव," ते म्हणाले.